समुद्रातून एक तृतीयांश वजा

यमुनेच्या अलीकडची आणि पलीकडची दिल्ली एकत्र धरली, तरी माझ्या साडूभाऊंइतकी कमी अपेक्षा ठेवणारा दुसरा माणूस सापडणार नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान. कुणी कशाचीही तारीफ केली की त्यातून ते सरळ तिसरा हिस्सा कापतात आणि उरेल ते खरं मानतात. लग्नाच्या आमंत्रणावर रात्री आठची वेळ असली, तर ते सातला घरी पोळी-भाजी खाऊन निघतात, आणि अकरा वाजता बाकीचे पाहुणे मंडपात जांभया देत असताना एकटे प्रसन्न बसलेले असतात. एकदा भाचीसाठी स्थळ आलं. मुलगा सहा फूट उंच आणि स्वभावाने फार शांत, असं कळवलं होतं. साडूभाऊंनी चष्मा काढून तिसरा हिस्सा कापला. मी विचारलं, "म्हणजे मुलगा चार फुटांचा?" तर म्हणाले, "उंची मोजता येते हो, तिच्यात कुणी खोटं बोलत नाही. मी शांतपणाचं बोलतोय."

ही सवय जन्मजात नव्हती, ती गाझियाबादच्या फ्लॅटबरोबर आली. बिल्डरच्या गुळगुळीत रंगीत पुस्तिकेत इमारतीपुढे तळं होतं, तळ्यात बदकं होती आणि भोवती गोल पायवाट. साडूभाऊ कुटुंबासह राहायला गेले तेव्हा तळं होतं, पण ते पुढच्या इमारतीच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचून झालेलं. "बदकं मात्र स्वतःहून आली होती," हे ते आजही न्यायाने सांगतात. त्या दिवसापासून त्यांनी कुठल्याच चित्रावर विश्वास ठेवला नाही.

अडचण एकच होती. माझ्या मेव्हणीचं माहेर ग्वाल्हेर, सासर दिल्ली, आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत तिने समुद्र पाहिला नव्हता. माझ्या बायकोला मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी मुंबई दाखवली होती, त्यामुळे बहिणी भेटल्या की मोठीने विचारायचं आणि धाकटीने सांगायचं. त्यात त्या वर्षांत आमच्या सोसायट्यांतला जो तो गोव्याला जाऊन गवती टोपी घालून परतू लागला. मेव्हणी म्हणायची, "अहो, एकदा समुद्र दाखवा." साडूभाऊ म्हणायचे, "पुढच्या वर्षी." असं अकरा वर्षं चाललं, मी मोजली आहेत. शेवटी माझी बायको त्यांना तोंडावर म्हणाली, "भाऊजी, समुद्र दाखवायला काय पत्रिका जुळवावी लागते?" आणि आम्ही चौघं गोव्याला निघालो.

कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती. निजामुद्दीनला गाडी हलली तशी साडूभाऊंनी मेव्हणीची तयारी करून घ्यायला सुरुवात केली. वाळू पांढरी नसते, भुरकट असते. पाणी निळं दिसतं ते फोटोत. वास येतो, अंग चिकट होतं. आणि अर्धं करोलबाग तिथे चड्डीवर भेटेल. मेव्हणी संत्री सोलत "हो, हो" करत होती. रत्नागिरी गेल्यावर तिने शांतपणे विचारलं, "अहो, पाणी तरी असेल ना?"

आता आम्हा दिल्लीकर मराठी माणसांची एक खोड सांगितली पाहिजे. दाराबाहेर पाऊल पडलं की आमची जीभ हिंदी होते आणि मराठी फक्त गुपितांसाठी उरते. लाजपतनगरला दुकानदाराच्या नाकासमोर "घेऊ नकोस, रंग जाणार आहे" असं आम्ही मोठ्याने बोलतो, आणि तो हसून आणखी साड्या उलगडतो. ही सवय गोव्यात चालणार नाही, हे चौघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

उतरलो त्या घराची मालकीण पलंगावर चादर घालत होती. "आंटीजी, समंदर दिखता है ना?" साडूभाऊंनी विचारलं. "दिखता है," ती गोड हसून म्हणाली. खिडकीतून एक माड, शेजाऱ्यांची भिंत, दोरीवरच्या दोन विजारी आणि त्यांच्यामध्ये हातभर समुद्र दिसत होता. दोघी बहिणी अंगणात गेल्या होत्या. साडूभाऊ माझ्याकडे वळून खणखणीत मराठीत म्हणाले, "बाई फार गोड बोलतेय साडूभाऊ, म्हणजे जेवण अळणी असणार." मग त्यांचा आवाज उतरला. "मला खोलीचं काही नाही हो. अकरा वर्षं मी उगाच टाळलं नाही. इतकी वर्षं मनात धरून बसलीय ती. उद्या गर्दीत उभी केली आणि तिचं तोंड उतरलं तर? फ्लॅट आवडला नाही तर दुसरा बघता येतो. दुसरा समुद्र मी कुठून आणू?"

"दुसरा कशाला?" चादरीचं टोक खोचत मालकीण स्वच्छ मराठीत म्हणाली. "हाच पहाटे बघा. मोठ्या किनाऱ्यावर जाऊ नका. चर्चच्या मागून उतरा, होड्या लागतात तिथे. माहेर सावंतवाडी माझं. आणि मीठ पानात वेगळं वाढीन."

साडूभाऊ इतके लाल झालेले मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही चर्चच्या मागून उतरलो. अचूकपणासाठी नोंदवतो: वाळू भुरकट होती, मासळीचा वास होता आणि एक फाटकी चप्पल लाटेबरोबर ये-जा करत होती. मेव्हणी घोट्याइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली. माझ्या घड्याळाने पंचवीस मिनिटं ती एकेक लाट बघत होती. साडूभाऊ तिच्या मागे दोन पावलांवर, परीक्षेच्या निकालाला आल्यासारखे. "तुम्ही विचारा ना तिला," ते माझ्या कानात म्हणाले. तेवढ्यात ती वळली.

"अहो, हा थांबतच नाही!"

"नाही ना? पण बरा आहे ना?"

"तुम्ही जरा गप्प राहा," ती म्हणाली, आणि त्यांच्या मनगटाला धरून त्यांना बुटांसकट पाण्यात ओढलं.

राहिलो त्या चारही पहाटे आम्ही तिथेच गेलो. परतीच्या गाडीत दोघी झोपल्यावर मी विचारलं, "साडूभाऊ, खरं सांगा, तुम्हाला कसा वाटला समुद्र?" ते अपराध्यासारखे हसले. "अहो, माझं बघायचं राहूनच गेलं. मी हिच्याकडे बघत होतो."

पुन्हा जायचं तेव्हाच ठरलं. मग मुलांची शिक्षणं आली, मग गुडघे आले, आणि जाणं झालं नाही. आजही कुणी गोव्याला निघालं आणि समुद्र कसा आहे म्हणून त्यांना विचारू लागलं, तर ते मेव्हणीकडे बोट दाखवतात. "हिला विचारा," म्हणतात, आणि ती सांगू लागली की खुर्ची जवळ ओढून ऐकत बसतात.