दाजी आणि मोडायला आलेली हॉटेलं

आमच्या जिल्ह्यातले रस्त्याकडेचे हॉटेलवाले दोघांनाच घाबरतात, जेसीबीला आणि आमच्या दाजींना. त्यातल्या त्यात जेसीबी बरा. तो लांबून ऐकू तरी येतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सारा जन्म त्यांनी एसटी चालवली. गाडी जिथं जिथं चहापाण्याला थांबली, ती सगळी जुनी हॉटेलं मोडायच्या आत फोटोत धरून ठेवायची, असा ध्यास त्यांनी निवृत्तीनंतर घेतला. रस्ते रुंद होतात, गावाबाहेरून वळतात. धुरानं काळी पडलेली पत्र्याची हॉटेलं जातात आणि काचेची उभी राहतात. त्या काचेच्या हॉटेलात दाजी पाणीसुद्धा पीत नाहीत.

फोटो काढायची त्यांची रीत न्यारी. आधी खाणार, मग काढणार. न खाता काढलेल्या फोटोला वास येत नाही, हे त्यांचं शास्त्र. या शास्त्रापायी ताईनं घरात तळण बंद केलं आहे. शिवाय हॉटेल जसं आहे तसंच हवं. माकणीच्या अलीकडं एका मालकानं फोटो निघणार म्हणून हौसेनं सगळं पुसून काढलं, जुना बाक मागं ढकलला आणि मंडपवाल्याकडून लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. दाजी कॅमेरा मांडीवर घेऊन बसून राहिले. "बाक आणा आधी. आन् कपाटावर माशा व्हत्या, त्या कुठं गेल्या?" मालकानं निमूट बाक आणला. माशा आपल्या आपण आल्या.

बोभाटा मात्र वेगळ्याच गोष्टीचा झाला. जे हॉटेल आज-उद्या पडणार, तेच दाजी आधी गाठतात. त्यामुळं त्यांनी फोटो काढला, की थोड्याच दिवसांत तिथं सपाट जमीन. लोकांनी याचा उलटा अर्थ लावला. परंड्याच्या रस्त्याला एक मालक दाजींची स्कूटर दिसताच दारात हात पसरून आडवा उभा राहिला. "जेवा, चहा घ्या, काय पायजे ते करा साहेब, पर त्यो कॅमेरा पिशवीतच राहू द्या!" दाजी जेवले, चहा प्याले आणि घरी आल्यावर मला म्हणाले, "लई अडाणी हायेत लोक."

जळकोटला महामार्गालगत एका म्हातारीचं हॉटेल आहे. दाजी मिसरूड फुटल्यापासून तिच्या हातची भजी खातात. आता तिथून पूल जाणार आहे; मोजणीची खूण तिच्या उंबऱ्यावरच पडली आहे. परवा मी दाजींबरोबर होतो. म्हातारी म्हणाली, "डायवरसाहेब, समद्यांचे फोटू काढलेत, माझ्या हाटेलाचा कधी? पोराकडं पुण्याला जायचंय मला. तिथल्या भिंतीवर लावीन म्हणते."

दाजींनी भजी संपवली, हात पुसले, कॅमेरा डोळ्याला लावला. तसेच उभे राहिले. मागून दोन ट्रक गेले. मग त्यांनी कॅमेरा खाली घेतला.

"उजेड बरुबर न्हाय, मावशी. पुढच्या खेपेला बघू."

भर दुपारचं ऊन होतं, डोळे उघडवत नव्हते. म्हातारीनं कपाळावर हात धरून आभाळाकडं पाहिलं, मग दाजींकडं.

"व्हय," ती म्हणाली, "ढगाळ हाय जरा," आणि तिनं दुसरा घाणा कढईत सोडला.