मावशीच्या शेतासाठी निवडलेला सॉलिसिटर

मावशीला तो सॉलिसिटर मीच गाठून दिला. घरात हे कोणी बोलत नाही, म्हणून मीच लिहून ठेवतो आहे.

ती आमची सख्खी मावशी नव्हे. अंधेरीच्या पूर्वेला मरोळच्या वाटेवर ख्रिस्ती शेतकऱ्यांचं जुनं गावठाण आहे, तिथली ती. मी शाळेत होतो तेव्हापासून ती आमच्या दारात भाजीची पाटी उतरवायची. लाल चौकड्यांचं लुगडं, गळ्यात क्रूस, आणि माझ्या आईशी तासभर गप्पा. नवरा गेल्यावर त्याचं कुळाचं भातशेत ती एकटीनं करत होती. मूलबाळ नव्हतं. होतं ते एवढं शेतच.

आजूबाजूला कारखाने उभे राहू लागले तशी जमीनमालकाची नजर त्या शेतावर गेली. ‘ही बाई स्वतः शेत करत नाही, दुसऱ्यांकडून करवून घेते,’ असा अर्ज त्यानं मामलेदार कचेरीत दिला. ते खरं ठरलं असतं तर कुळाचा हक्क जाणार होता. नोटीस घेऊन मावशी आमच्याकडे आली, कारण तिच्या ओळखीत इंग्रजी शिकलेला मी एकटाच.

आई लगेच म्हणाली, “अरे, कचेरीसमोर लिंबाखाली ते म्हातारे वकील बसतात ना, त्यांच्याकडे ने हिला. सगळ्या गावांची शेतं त्यांना पाठ आहेत.”

“तो बाकावरचा? त्याच्या कोटाला बटणं तरी धड आहेत का गं?”

“बटणं काय वाद घालणारेत?” आई म्हणाली.

मावशी हसली. मी हसलो नाही. माझ्या मनात फोर्टातला एक सॉलिसिटर होता. मोठं नाव, मोठ्या कंपन्यांची कामं. आणि तो आमच्या हपिसातल्या हेडक्लार्कचा मेहुणा होता. त्या वर्षी हेडक्लार्क निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या खुर्चीवर कोणाला बसवायचं हे साहेब त्यांनाच विचारणार होते. मेहुण्याकडे अशील नेलं तर आपलं नाव त्यांच्या तोंडी राहील, असा हिशेब मी केला. मावशीला मात्र सांगितलं, “मोठा माणूस आहे. त्याचं पत्र गेलं की मालक गार पडेल.”

“तू म्हणतोस तर तसंच, बाबा,” ती म्हणाली.

फोर्टातल्या त्या ऑफिसात मावशीनं चपला दाराबाहेर काढल्या. मी ‘असू देत’ म्हणालो तरी ऐकलं नाही. आत पंखा, काचेचं टेबल, आणि एक डोळा घड्याळावर ठेवून बसलेला सॉलिसिटर. तो इंग्रजीत विचारी, मी मराठीत सांगे, उत्तर दिलं की ती माझ्याकडेच बघे.

“शेत कोण करतं?” त्यानं विचारलं.

मावशीनं पदर सावरला. मोठ्या माणसासमोर ‘मी करते’ म्हणणं तिला फुशारकीचं वाटलं असावं. म्हणाली, “सगळं गावच करतं की. लावणीला सगळे येतात. माझ्या एकटीनं काय होतंय?”

त्यांच्यात लावणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी मिळून एकाच्या शेतात रोपं लावायची, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी नाही, फक्त पाळी. मावशी गुडघाभर चिखलात गावातल्या प्रत्येक शेतात राबायची, म्हणून तिच्या शेतात गाव यायचं. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. कडेनं उभा राहून त्यांची थट्टाही ऐकली होती : “ए म्हातारे, रोपं लावतेस का मोजतेस?” “तुझ्या बापाला मीच शिकवलं रे लावायला!”

मी तिचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. सॉलिसिटरनं लिहून घेतलं : लागवड गावकरी करतात. मला कळलं, हे असं लिहून चालणार नाही. सावड काय असते ते सांगायला दोन मिनिटं लागली असती. तोंड उघडलंही. त्यानं घड्याळ पाहिलं आणि विचारलं, “आणखी काही?”

मी म्हणालो, “नाही साहेब.”

त्या कागदावर मावशीनं अंगठा उठवला. तिचं बोट मी धरलं होतं.

सुनावणीला सॉलिसिटर आला नाही. त्यानं एक तरुण सहायक पाठवला. त्याला गावठाण कुठल्या बाजूला आहे हेही ठाऊक नव्हतं. गावातला एकही साक्षीदार बोलावलेला नव्हता. मालकाच्या वकिलानं आमचाच कागद उचलून वाचला. मामलेदारांनी मावशीला विचारलं, “हा अंगठा तुमचा?” तिनं अभिमानानं मान हलवली. शेत मालकाला द्यावं असा निकाल झाला. पुढे अपिलातही तोच कागद आडवा आला.

निकालाच्या दिवशी कचेरीबाहेर मी प्रथमच त्या लिंबाखालच्या वकिलांपाशी उभा राहिलो. सगळं ऐकून त्यांनी चष्मा पुसला. “विधवेला कायद्यात सवलत आहे हो. शेत दुसऱ्याकडून करवून घेतलं तरी ते तिनंच केलं असं धरतात. आणि इथं तर बाई स्वतः राबतेय. सावड माहीत नाही असा माणूस या तालुक्यात नसेल.” मग जरा थांबून म्हणाले, “तुम्हाला माहीत होती का?”

मी निकालाच्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली. ते त्यांना पुरलं असावं.

त्या वर्षी हेडक्लार्कची खुर्ची मला मिळाली.

मावशीला मी काहीच सांगितलं नाही. ती मात्र आईला म्हणाली, “पोरानं माझ्यासाठी किती धावपळ केली गं. नशीब माझं.” ते वाक्य मी आतल्या खोलीतून ऐकलं आणि बाहेर आलो नाही.

पुढच्या आषाढात मरोळच्या वाटेनं जाताना लावणी चाललेली दिसली. दहा-बारा माणसं वाकलेली होती, त्यांत लाल चौकड्यांचं लुगडं ओळखू आलं. तिला स्वतःचं शेत उरलं नव्हतं, म्हणजे तिच्याकडे लावणीला आता कोणी येण्याचा प्रश्न नव्हता. तरी ती आली होती. मला पाहून तिनं पाठ सरळ केली.

“मावशी, आता तुम्ही कशाला?”

“अरे, गेल्या वर्षी हे सगळे माझ्याकडे आले होते ना. माझी पाळी राहिली होती,” असं म्हणून ती पुन्हा वाकली.

जे फोर्टात सांगायचं होतं ते हेच. मी बांधावर उभा होतो, पायात बूट होते. मग बूट काढले आणि चिखलात उतरलो. मावशीनं न बघता रोपांची एक जुडी माझ्याकडे सरकवली. मला लावता येत नव्हतं. कोणी हसलं नाही.