बैलांचा सवाल

गारखेड्याच्या माझ्या घरात एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याचं एका बाजूचं झाकण कायम उघडं आणि समोर टेबलफॅन. त्यात व्हीबी आहे, मी ज्यात प्रोग्राम लिहायला शिकले ते. तिथं माउसचं चाक चालत नाही आणि मराठी अक्षरं नुसता कचरा दिसतात. मला तो कचरा वाचता येतो. पुण्याला आयटीत असलेली लेक म्हणते, भंगारात दे. मी म्हणते, आधी मला भंगारात दे.

त्यावर आता एकच गिऱ्हाईक उरलंय, सोयगावकडच्या एका जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीचा, वजनकाटा. तो माझ्या प्रोग्रामवर चालतो. कापसाची भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी. फरक तो कापूस. प्रोग्राम नवा होता त्या हंगामात एक शेतकरी बाई काट्याच्या खोलीत भांडायला आली. दोन वजनांच्या मधे तिचे बैल हौदावर पाणी प्यायले होते. गाडी बैलांसकट तोलतात, म्हणून रिकामी जड भरली आणि कापूस कमी. सगळे हसले. ती मला म्हणाली, "बैलाच्या पोटातलं पाणी माझ्या कापसातून कापता व्हय?"

तिचं खरंच होतं, आणि सगळ्यांच्या हसण्यानं माझं डोकंच फिरलं. मी प्रोग्राममध्ये सवाल घातला. बैलगाडी आली की आधी विचारायचं, बैलांना पाणी पाजलं का? 'हो' दाबल्याशिवाय काटा पहिलं वजन घेतच नाही.

यंदा कापूस यायच्या आधी जिनिंगच्या शेठनी बोलावलं. बैलगाड्या आता थोड्याच येतात, पण पाणी पाजेपर्यंत मागं ट्रॅक्टरची रांग अडते, असं त्यांचं म्हणणं. तहानलेले बैल आधी तोलले आणि मग ते पाणी प्यायले की फायदा कुणाचा, हे त्यांनाही ठाऊक होतं. शहरात त्यांनी दोघा प्रोग्रामवाल्यांना विचारून पाहिलं होतं, पण माझा प्रोग्राम कुणाकडं उघडलाच नाही.

"तेवढा बैलाचा सवाल काढा, ताई. त्या डबड्यात जमत नसंल तर तसं सांगा."

पळवाट त्यांनीच दिली होती. जमत नाही म्हटलं असतं तर जुन्या मशीनच्या नावावर सगळं खपलं असतं आणि कामही टिकलं असतं. मला त्याचाच राग आला. इतकी वर्षं त्या मशीननं मला एकदाही तोंडघशी पाडलं नव्हतं.

"जमतं, शेठ," मी म्हणाले. "दोनच ओळी आहेत. मी त्या पुसणार नाही."