उन्हातून माजघरात

डिंगोरे गावची ती म्हातारी इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेली नाही. पन्नासच्या दशकात मी जुन्नर ठाण्यात नवा फौजदार होतो. एका दुपारी डिंगोऱ्याच्या पोलीस पाटलांची वर्दी आली. सत्तरीच्या एका विधवेच्या पेटीतल्या पाटल्या चोरीला गेल्या होत्या आणि चोराला तिने स्वतः पाहिलं होतं. चोर म्हणजे तिचा पुतण्या. आईवेगळा, तिनेच वाढवलेला. पण बांधावरून भांडण होऊन नुकताच वेगळा झालेला.

ठाण्यात मी त्याची कसून चौकशी केली. तो एकच सांगत राहिला, "काकी खोटं बोलायची न्हाई, साहेब. पर चोरी बी म्या केली न्हाई."

अडकलेला माणूस आधी फिर्यादीला शिव्या घालतो. हा घालेना, म्हणून मी जागा पाहायला गेलो.

म्हातारी खळ्यावरच्या उन्हातून माजघरात शिरली, तेव्हा चोर तिला ढकलून मागच्या दाराने पळाला होता. मी पाटलांना माजघरातल्या पेटीपाशी उभं केलं आणि म्हातारीला तसंच उन्हातून आत बोलावलं. तिच्याबरोबर मीही आत आलो. क्षणभरात मला पाटलांच्या मिशा दिसल्या. ती मात्र चाचपडतच होती.

"पागोटं दिसतंय. तोंड न्हाई दिसत," ती म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली. मग हळूच बोलली, "त्यो गेल्यापासनं दारात कुनी बी आलं, की मला त्योच वाटतो."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला समजावलं, की तरुणपणी अंधारात डोळ्याची बाहुली चांगली मोठी होते आणि उजेड आत घेते. वय वाढेल तशी ती बारीकच राहते, अंधारातही फारशी उघडत नाही. हा आजार नव्हे, वय आहे.

पाटल्यांचं वर्णन आम्ही आसपासच्या सोनारांना कळवलं होतं. चार दिवसांनी शेजारच्या तालुक्यातल्या कळंब गावच्या एका सोनाराने पाटल्या विकायला आलेल्या परक्या माणसाला बसवून ठेवलं आणि निरोप धाडला. तो सुगीला आलेला मजूर निघाला. त्याने गुन्हा कबूल केला.

पुतण्याला सोडलं त्या दिवशी म्हातारी ठाण्यात आली होती. तिने त्याला हाताला धरून अंगणातल्या उन्हात नेलं आणि त्याचं तोंड नीट पाहिलं. ती माफी मागायला लागली. "काकी, चल घरी," तो मधेच म्हणाला.

पुढे खोटे साक्षीदार मला पुष्कळ भेटले. ते ओळखणं सोपं असतं. पण नजर जिथे अपुरी पडते तिथे माया ओळखीचा चेहरा बसवते, आणि मग खरं बोलणारं माणूसही चुकतं. तेव्हापासून साक्षीदाराचं वय आणि तो कुठल्या उजेडातून आला, हे मी जबाबात आधी लिहून घेऊ लागलो.