सुतळी आणि ग्लँड

लोणावळ्यात मी एका शेठजींच्या बंगल्यावर दिवाणजी होतो, तेव्हा विजेच्या कामाला आंदर मावळातले एक आबा यायचे. चालून दमलेले असायचे. आल्या आल्या पायरीवर बसायचे. केबल पेटीत शिरते तिथं तिला आवळून धरणाऱ्या पितळी ग्लँडबाबत मात्र भारी हट्टी. ग्लँडमध्ये केबलचा तुकडा घालून कानाशी हलवायचे. जरा खुळखुळ ऐकू आली की ते ग्लँड परत पिशवीत.

एकदा ऐन पावसाळ्यात बाहेरच्या लोखंडी पेटीला मापाचं ग्लँड मिळेना. संध्याकाळी पाहुणे यायचे होते. शेठजी वैतागले, "मोठं बसवा, सुतळी कोंबा आणि दिवे लावा!"

आबांनी मोठं ग्लँड बसवलं, सुतळी कोंबली. मग मेन स्विचमधला फ्यूज काढून खिशात टाकला आणि घोंगडी उचलली.

"आबा, अहो पाहुणे येतील!"

"कंदील लावा, दिवाणजी. सुतळी पानी पिती, पेटीत करंट उतरंल. उद्या मापाचं आनतो."

"शेठजींना काय सांगू?"

"सांगा, म्हातारा लय दमलाय. कुनाला झटका बसला, तर हितवर पळत यायचं बळ आता ऱ्हायलं न्हाई."

मी कंदिलाच्या काचा पुसायला घेतल्या.