चौकोनी रुपया आणि चावलेले तांदूळ

अकोल्याच्या एका कापूस-आडत्याने मला फसवले. चोर पकडायला म्हणून त्याने माझा चौकोनी रुपया मागून घेतला आणि परत देताना ओतीव खोटे नाणे माझ्या हातावर ठेवले. तेव्हा मी हे चारचौघांत बोललो नाही. का बोललो नाही, ते पुढे येईलच.

मी अमरावतीच्या माळ्याचा मुलगा. लग्नाची फुले आणि पंगतीची वांगी पुरवायचा आमचा धंदा. अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि मुंबईचे खरेदीदार आमच्या वऱ्हाडावर तुटून पडले. त्यांच्याबरोबर कलदार रुपये आले. सरकारी टांकसाळीत यंत्रावर पाडलेले, सगळे एकसारखे. त्याआधी आमच्याकडे नागपुरी, एलिचपुरी, हैदराबादचा हाली असे नाना तऱ्हेचे रुपये चालत. ते आता कोणी सरळ घेईना. सराफ बट्टा कापायचा, तोही तोंड वाकडे करून. म्हणून लोक ते जुने रुपये फुलवाल्याच्या गळ्यात मारत.

मी घेत होतो. सराफापेक्षा थोडा कमी बट्टा कापायचो, म्हणून लोक माझ्याकडे येऊ लागले. मग एकेका टांकसाळीचे रुपये वेगळे करायचे, नागपूरशी व्यवहार असलेल्या सराफाला नागपुरी द्यायचे, हैदराबादकडे निघालेल्या व्यापाऱ्याला हाली द्यायचे. त्याला तिथे ते पूर्ण भावाने चालत, म्हणून तो मला बरा भाव देई. मधला फायदा माझा. त्या फायद्यातून प्रत्येक तऱ्हेचे एक चांगले नाणे मी स्वतःला ठेवत गेलो. बायकोने जाड्या कापडाची पिशवी शिवली होती, तिला आत लहान लहान कप्पे. दर्यापूरपासून तेल्हाऱ्यापर्यंतचे बाजार मी त्या कप्प्यांसाठी पालथे घातले.

आणि सगळा वेळ जिवाला घोर असायचा. हातात नवा पैसा आलेले लोक जुनी नाणी सोनाराकडे नेऊन त्यांचे तोडे आणि बैलांची घुंगरे करत होते. एखाद्या गावात चांगले नाणे आहे असे कळायचे, मी गाडी जुंपायचो, आणि पोहोचेपर्यंत सोनाराने ते मुशीत टाकलेले असायचे. मला जेवण गोड लागत नसे. वाटेत लुटले जाण्याची भीती वेगळीच. पिशवी पोटाशी बांधून मी इतका वाकून बसायचो की गाडीवाला विचारायचा, पोट दुखते काय.

चौकोनी रुपया मला कौंडण्यपूरच्या जत्रेत मिळाला. एका बांगडीवाल्याला तो मोडक्या दागिन्याचा तुकडा वाटला होता. तो काय आहे ते मला माहीत होते. जुना बादशाही रुपया, वर कलमा आणि पैगंबराच्या चार यारांची नावे. त्याला आमच्याकडे हिंदू-मुसलमान सगळेच मानत. असा रुपया ज्याच्या तिजोरीत असतो त्याचा पैसा हलत नाही, असे म्हणत. आणि चोर धरायचा तर त्याच रुपयाच्या वजनाचे तांदूळ तोलून संशयितांना चावायला देत. चोराच्या तोंडाला कोरड पडते, त्याचे तांदूळ कोरडेच बाहेर येतात.

हा आडत्या माझ्याकडे तो रुपया विकत मागत होता. कापसाचा भाव रोज वरखाली होई, तारेने मुंबईची खबर आली की आडत्यांचे चेहरे पालटत. त्याला तो रुपया गल्ल्यात ठेवायचा होता. मी नाही म्हटले. त्याने भाव वाढवला, मी पुन्हा नाही म्हटले आणि जरा जास्तच तिखट शब्दांत म्हटले.

पुढे त्याचा निरोप आला. गादीवरून रुपयांची थैली गेली आहे, हमालांवर संशय आहे, रुपया घेऊन या. चोर धरायला रुपया मागितला तर नाही म्हणायची रीत नव्हती. नाही म्हणणारा चोराला पाठीशी घालतो असे लोक समजत. मी निघालो. अमरावती ते अकोला, सगळ्या वाटेत माझा हात पिशवीवर होता.

अकोल्याला भगत बसवला होता. त्याने सांगितले की रुपया आज हळदी-कुंकवात बुडवून आडत्याच्या देवघरात राहील, तांदूळ उद्या सकाळी तोलू, आणि रुपयाच्या धन्याने त्याला मधे हात लावायचा नाही. शिवाय चोर धरला तरी येत्या शनिवारपर्यंत त्यावरची हळद धुवायची नाही, धुतली तर दोष धन्यावर येतो. मी भगताशी भांडलो. आडत्या शांतपणे म्हणाला, "भाऊ, देवावर तरी इश्वास ठेवा. तिथं काही बट्टा कापत नाई कोनी." सगळे हसले. मी रुपया काढून दिला.

सकाळी हळदीने पिवळा झालेला चौकोनी तुकडा तराजूत पडला. समोरच्या पारड्यात तांदूळ. ओळीने हमाल बसले होते, ते चावू लागले. पिंपळाच्या पानावर एकेकाने थुंकायचे. एका म्हाताऱ्या हमालाचे तांदूळ जसेच्या तसे पडले. तो एवढेच म्हणाला, "मालक, मले भेव वाटून राहिलं, म्हून थुकी नाई." त्याला त्याच क्षणी बाजारातून हाकलले. गेलेली थैली काही त्याच्याकडे सापडली नाही.

चार लोकांसमोर रुपया माझ्या हातावर आला. हळदीचा थर इतका जाड की अक्षर दिसेना. मी फडक्यात बांधला. मला तेव्हाच नखाने खरवडून पाहायचे होते, पण सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते.

घरी आल्यावर माझे चित्त थाऱ्यावर नव्हते. फडके सोडायचो, पाहायचो, पुन्हा बांधायचो. तो मला हलका वाटे, मग वाटे की हळद सुकली असेल म्हणून. बायको म्हणाली, "आवो, शनवारलोक धुवाचा नाई म्हंते तो. पोरायच्या जिवावर घेता काय?" पोरांचे नाव काढल्यावर माझा हात थांबला. सराफाच्या पेढीवर जीभ चालवणारा मी, एका भगताच्या शब्दाला भ्यालो.

शनिवारी धुतला. वाजवला तर आवाज बसका. पाठीवर मुंग्यांनी टोचल्यासारखी बारीक छिद्रे, ती ओतीव नाण्याला येतात. माझ्या रुपयाच्या एका कोपऱ्यावर कोण्या जुन्या सराफाने कस पाहताना पाडलेली खाच होती, तिची धार अंगठ्याला लागायची. याच्यावरही खाच होती, पण गुळगुळीत. मातीच्या साच्यात खाच येते, धार येत नाही. ओताऱ्याला एवढे करायला एक रात्र पुरते.

मी तसाच अकोल्याला गेलो. आडत्या गादीवर होता, दलाल बाहेर ओट्यावर. मी खोटे नाणे त्याच्यापुढे टाकले आणि माझा रुपया मागितला. त्याने ते उचललेसुद्धा नाही.

"मी चार लोकांसमोर तुमच्या हातावर ठेवलं," तो म्हणाला. "शनवारलोक तुमच्या घरी व्हतं. आता मले काहून इचारता?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "अन् सांगा ना लोकांले. नाण्याच्या धंद्यातला मानूस खोटं नाणं फडक्यात बांधून घरी घेऊन गेला म्हना. उद्या तुमच्यापाशी रुपया मोडाले कोन येते, तेबी पाहू."

मीही खालच्या आवाजात वाटेल तसे बोललो, पण त्याचे ते शेवटचे वाक्य खरे होते. माझा सगळा धंदा माझ्या बोटांवरच्या विश्वासावर चालत होता. मी परत आलो आणि गप्प बसलो. गिऱ्हाईक कमी दिसले की मला वाटायचे, ती गोष्ट इथवर आली. सराफ हसला की वाटायचे, त्याला कळले. पुढे लढाई संपली, कापूस कोसळला, बाजार ओस पडला, तरी तो घोर गेला नाही.

त्या म्हाताऱ्या हमालाचे मला तेव्हा काही वाटले नव्हते. खरे सांगतो, मला माझ्या रुपयाचेच पडले होते. पण सौदा करणारा माणूस एखादी गोष्ट उलटी-सुलटी करून पाहतो, तसे मी हे सारखे पाहत आलो आहे, आणि त्याचा हिशेब तो हमाल धरल्याशिवाय लागत नाही.

आडत्या अजून त्याच गादीवर बसतो. त्याने मला एवढेच सांगावे, आणि त्याच चार लोकांसमोर सांगावे. त्या सकाळी तांदूळ कशाने तोलले? माझ्या रुपयाने तोलले असतील, तर माझा रुपया सकाळपर्यंत तुमच्या देवघरात खरा होता आणि माझ्या हातावर ठेवताना तुम्ही तो बदलला. तुमच्या ओतीव तुकड्याने तोलले असतील, तर ते तांदूळ खोटे, आणि त्या म्हाताऱ्याला तुम्ही चोर ठरवले कशावरून? दोन्हींपैकी एक कबूल करा. पहिले असेल तर माझा रुपया काढून द्या. दुसरे असेल तर रुपयाही द्या, आणि त्या हमालाच्या घरी जाऊन त्याच्या लोकांपुढे उत्तर द्या.