हरळी राखणारे सोपानआप्पा

सोपानआप्पा गेले हे मला चौथ्या दिवशी कळलं, आणि तेही त्यांच्याच फोनवरून. सकाळी आठ वाजता स्क्रीनवर ‘आप्पा’ उमटलं, म्हणून मी नेहमीसारखं विचारलं, ‘बोला, आज काय खोडी काढताय?’ पलीकडून एक तरुण आवाज म्हणाला, ‘मी त्यांचा मुलगा, दत्ता. बुधवारी आप्पा गेले. तुमचा नंबर यात ‘चुन्याचे मास्तर’ म्हणून आहे. आपण कोण?’ तीस वर्षांची आमची मैत्री, आणि त्यांच्या मुलाला माझं नाव माहीत नव्हतं. यात दत्ताची काही चूक नाही. बालेवाडीच्या क्रीडासंकुलातलं कुणी माणूस किंवा कुठली गोष्ट त्या घरात न्यायची नाही, असा तिथला कडक नियम होता.

नव्वदच्या दशकात राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात भरायच्या ठरल्या आणि बालेवाडीच्या शेतांवर संकुल उभं राहिलं. त्या शेतांत आप्पांचं रानही होतं. रान गेलं आणि त्याच जागेवर आप्पा माळी म्हणून कामाला लागले. मी कसब्यातल्या एका शाळेत व्यायामशिक्षक. स्पर्धांसाठी मैदान आखून द्यायची जबाबदारी माझ्याकडे, म्हणून दोन बस बदलून तिकडे जायचो. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी पाहतो तो मैदानाच्या मधोमध हा धोतर-टोपीतला माणूस उकिडवा बसून खुरप्यानं गवत उपटतोय. चांगला दोन खोल्यांएवढा तुकडा त्यानं भुईसपाट केला होता. तिथे मुद्दाम लावलेली नवी हिरवळ म्हणजे हरळी! शेतकऱ्याला हरळी दिसली की हात शिवशिवतात. ती माजली तर पीक येत नाही, आणि तिची मुळं काढता काढता माणसाची कंबर मोडते. मुकादम डोक्याला हात लावून ओरडत होता, आणि आप्पा त्यालाच समजावत होते, ‘सायब, माझ्या बापानं उभा जल्म हरळी काढली या रानातनं. आन् तुमी ती पानी घालून लावताय व्हय?’

त्या दिवशी मी मध्ये पडलो, म्हणून त्यांची नोकरी वाचली असं ते सगळ्यांना सांगत. खरं म्हणजे मला हसू आवरत नव्हतं, एवढंच. पण पुढे याच माणसानं ती हरळी अशी राखली की बाहेरगावचे प्रशिक्षक वाकून हात फिरवून बघत. मैदानाचे भाग मात्र त्यांनी कधी मैदानाच्या भाषेत ओळखले नाहीत. गोळाफेकीचं वर्तुळ ‘चिंचेखाली’, उंच उडीची गादी ‘गोठ्यापाशी’, आणि भालाफेकीच्या सत्तर मीटरच्या रेषेपलीकडे ‘हीर’, म्हणजे त्यांची बुजवलेली विहीर. मी चुन्याची रेघ मारायला लागलो की मागून आवाज यायचा, ‘मास्तर, तुमची रेघ हिरीत चाललीय बरं का.’ मी फीत पुन्हा धरायचो. लाजेची गोष्ट अशी, की दोन वेळा रेघ खरंच वाकडी निघाली होती.

घरचा तो नियम वहिनींचा, म्हणजे आप्पांच्या पत्नीचा. रानात यंत्रं शिरली त्या दिवशी त्या बांधावरून उठून घरी आल्या, त्या पुन्हा तिकडे फिरकल्या नाहीत. नवऱ्यानं तिथेच नोकरी धरली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या म्हणे, ‘जायाचं तर जावा. पर तिथलं काई उंबऱ्याच्या आत आनू नका. बोलनंबी न्हाई.’ आप्पांनी ते अक्षरशः पाळलं. संध्याकाळी नळावर हातपाय धुऊन, कपडे बदलून, धोतराला चिकटलेली काडीसुद्धा झटकून मगच ते घरी निघायचे. मी एकदा चिडवलं, ‘आप्पा, सोवळ्यातले भटजीसुद्धा एवढे काटेकोर नसतात.’ ते हसले नाहीत. म्हणाले, ‘एकदा यावं तिनं, मास्तर. निस्तं बघावं. मग जल्मभर माझ्याशी बोलली न्हाई तरी चालंल.’

दोन हजार आठ साली राष्ट्रकुल देशांतली तरुण मुलंमुली स्पर्धांसाठी पुण्यात आली. पाहुणे येणार म्हणून रस्ते गुळगुळीत झाले, भिंती रंगल्या, आणि असे पाहुणे दर महिन्याला का येत नाहीत, असं आमच्या पेठेत लोक एकमेकांना विचारू लागले. आप्पांच्या अंगात तर वारं शिरलं होतं. देशोदेशीची पोरं आपल्या रानात पळणार! मी खटपट करून उद्घाटनाचे दोन पास मिळवले आणि त्यांच्या हातात ठेवले. पास घरात नेता येणार नव्हते, म्हणून त्यांनी ते माझ्याकडेच परत दिले आणि वहिनींना विचारून येतो म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी नियम मोडला तो त्या एका संध्याकाळी.

वहिनी आल्या नाहीत. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून एकटेच आले. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी टोपी काढून ठेवली आणि संपेपर्यंत तिथे कुणाला बसू दिलं नाही. रोषणाई झाली, झेंडे गेले, लोक शिट्ट्या मारत होते. आप्पा मात्र दर थोड्या वेळानं वळून दाराकडे बघत होते… मला ते बघवेना. दोन दिवसांनी एका परदेशी पोराचा भाला हवेतून आला आणि थेट विहिरीच्या जागी रुतला, तेव्हा ते लहान मुलासारखे ओरडले, ‘हिरीवर! बरोब्बर हिरीवर!’ आणि लगेच गप्प झाले. हे ज्या एका माणसाला घरी जाऊन सांगायचं, तिलाच सांगायची सोय नव्हती.

तेरावा झाल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो. आता तिथे लिफ्टची इमारत आहे, चौथ्या मजल्यावर वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. मला वाटलं, दारातूनच परतावं लागेल. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, ‘तुमीच का चुन्याचे मास्तर? त्ये झोपंत तुमच्याशी भांडायचे.’ मग पदर सावरत उठल्या आणि म्हणाल्या, ‘कुठं काम करायचे, त्ये मला दावा.’

दत्तानं आम्हाला गाडीनं सोडलं आणि तो बाहेरच थांबला. रखवालदारानं आप्पांचं नाव ऐकताच कुलूप काढलं. आतला रस्ता प्रेक्षकांच्या गॅलरीखालून जातो. वर सिमेंट, खाली सिमेंट, दोन्ही बाजूंना खांब. वहिनींनी पदर नाकाला लावला आणि मान खाली घालून चालत राहिल्या. बोगदा संपला. मैदान समोर आलं आणि त्या थांबल्या.

‘हिरवं हाय,’ त्या म्हणाल्या.

‘हो, वहिनी.’

‘मला वाटलं, समद्यावर सिमिट वतलंय.’

ऊन कलतं होतं, पाण्याचे फवारे नुकतेच बंद झाले होते.

‘एवढं हिरवं ठिवलं व्हतं… मग मला सांगितलं का न्हाई त्यांनी?’

याचं उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. आयुष्यात असली उत्तरं मी कधी गिळली नाहीत, त्यापायी माणसंही तोडली. ते एक गिळलं. म्हणालो, ‘सांगायचं होतं त्यांना. रोज.’

त्या सावकाश खाली बसल्या, पाय दुमडून, जमिनीवर तळहात टेकून. मी बाजूला उभा राहिलो. मला त्या वेळी आप्पा फार हवे होते. अर्ध्या तासानं रखवालदार किल्ल्या वाजवत आला, तेव्हा मी वाकून म्हटलं, ‘वहिनी, निघू या का? दत्ता वाट बघतोय.’

त्यांनी वर बघितलं नाही.

‘तुमी व्हा म्होरं,’ त्या म्हणाल्या. ‘मी बसते जरा.’